आमचं काय चुकलं? ऑटिझम आणि आईवडिलांवरच्या आरोपाचा इतिहास

"डॉक्टर, आमचं काय चुकलं?" मुलाला ऑटिझम आहे असं कळलं की बहुतेक आईवडील आधी हा प्रश्न विचारतात. 'याला औषध काय' हा प्रश्न त्यानंतर येतो. काही आया तर प्रश्न विचारतच नाहीत, सरळ कबुलीच देतात. दिवस गेलेले असताना सोयाबीन सोंगायला गेले होते, सातव्या महिन्यात घरात फार भांडण झालं होतं, लेकरू रडलं की हातात मोबाइल द्यायची. प्रत्येकीकडे स्वतःविरुद्धचा असा एखादा पुरावा तयार असतो.

मी जनरल फिजिशियन आहे. ही मुलं बालरोगतज्ज्ञांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जातात. माझ्याकडे येतात त्या त्यांच्या आया. कुणाचं बीपी वाढलेलं, कुणाला महिनोन्‌महिने झोप नाही, कुणाची पाठ धरलेली, कुणाला सततची ॲसिडिटी. रक्ताचे रिपोर्ट बहुतेक वेळा नॉर्मल येतात. मग घरची चौकशी केली की कळतं, पाच वर्षांचा मुलगा आहे, अजून बोलत नाही, रात्री दोन वाजता उठतो आणि पहाटेपर्यंत घरात येरझाऱ्या घालतो. बाईच्या आजाराचं मूळ रिपोर्टमध्ये कसं सापडणार?

'आमचं काय चुकलं' या प्रश्नाचं उत्तर वैद्यकशास्त्राने जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वी दिलेलं आहे. ते आपल्या घरांपर्यंत नीट पोचलेलं नाही, एवढंच. हा प्रश्न आईवडिलांच्या मनात कुणी घातला आणि तो खोडून काढायला कोण पुढे आलं, हे आज पाहू. त्यानंतर आपल्या वाशिम जिल्ह्यातल्या घरांबद्दल बोलू.

ऑटिझम म्हणजे काय, थोडक्यात

ऑटिझम हा जंतूंमुळे होणारा किंवा लागणारा आजार नाही. मेंदूची जडणघडण जन्माआधीपासूनच वेगळ्या पद्धतीने झालेली असते. ती दोन ठिकाणी दिसून येते. पहिलं ठिकाण म्हणजे इतरांशी संवाद. नावाने हाक मारली तरी मूल वळून पाहत नाही, नजरेला नजर कमी देतं, हवी ती वस्तू बोटाने दाखवण्याऐवजी मोठ्यांचा हात धरून तिकडे ओढत नेतं, बोलणं उशिरा येतं किंवा ऐकलेलं वाक्यच पुन्हा पुन्हा म्हणतं. दुसरं ठिकाण म्हणजे तोचतोचपणा आणि संवेदना. खेळण्यातल्या गाडीचं फक्त चाक फिरवत बसणं, हात फडफडवणं, रोजचा रस्ता बदलला तरी आकांत करणं, कुकरची शिट्टी झाली की कान झाकून घेणं.

सगळी मुलं सारखी नसतात. एखादं आयुष्यभर बोलत नाही, एखादं पदवीधर होऊन नोकरी करतं. म्हणून याला 'स्पेक्ट्रम' म्हणतात. काही मुलांना फिट्सही येतात, झोपेच्या आणि पोटाच्या तक्रारी तर अनेकांना असतात. मुलींपेक्षा मुलांमध्ये निदान तीन ते चारपट जास्त होतं.

मराठीत आपण याला 'स्वमग्नता' म्हणतो. शब्द छान आहे, पण ऐकणाऱ्याला वाटतं की मूल आपल्याच तंद्रीत आहे, जरा दटावलं की ताळ्यावर येईल. म्हणून या लेखात मी ऑटिझम हाच शब्द वापरतो.

एक बाप, ३३ पानांचं पत्र

ऑटिझमचा वैद्यकीय इतिहास साधारणपणे १९४३ पासून सांगतात. त्याआधी १९२५ च्या सुमारास रशियातल्या ग्रुन्या सुखारेवा या महिला डॉक्टरांनी अशा सहा मुलग्यांचं अचूक वर्णन केलं होतं, पण त्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १९४३ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञांनी ११ मुलांवर लेख लिहिला आणि ऑटिझम हे वेगळं निदान म्हणून जगापुढे आलं. पुढच्याच वर्षी व्हिएन्नाच्या हान्स ॲस्पर्गर यांनी त्यांच्याकडच्या मुलांबद्दल लिहिलं.

कॅनर यांच्या ११ मुलांतला पहिला होता डोनाल्ड ट्रिपलेट, मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावचा. तो तीन वर्षांचा असताना डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला संस्थेत ठेवलं होतं. त्या काळी हाच रिवाज होता. मुलाला संस्थेत सोडा, विसरा, दुसऱ्या मुलांकडे बघा. डोनाल्डच्या आईवडिलांना ते जमलं नाही. साधारण वर्षभराने संस्थेचा विरोध पत्करून त्यांनी त्याला घरी आणलं. वडील वकील होते. १९३८ मध्ये त्यांनी कॅनरना ३३ पानांचं पत्र लिहिलं. मुलगा काय खातो, काय मोजतो, कशाला घाबरतो, कोणते शब्द उलटे वापरतो, सगळं त्यात होतं. पुढची काही वर्षं आईची पत्रं जात राहिली. कॅनर यांच्या गाजलेल्या लेखात या नोंदींचा मोठा वाटा आहे. ऑटिझमचं पहिलं निरीक्षण घरातल्या माणसांनीच केलं, असं म्हणायला हरकत नाही.

पण एवढ्या बारीक नोंदी ठेवणं हेसुद्धा त्या पालकांच्या विरोधात गेलं. कॅनर यांनी मुलांचा दोष जन्मजात आहे असं त्या लेखातच लिहिलं, आणि त्याच लेखात असंही नोंदवलं की या मुलांचे आईवडील फार बुद्धिमान, काटेकोर आहेत, त्यांच्यात मायेचा ओलावा कमी दिसतो. या ११ मुलांचे पालक शिकलेले आणि बहुतेक सुस्थितीतले होते, हे खरं. त्याचं कारण साधं होतं. १९४० च्या आसपास एवढ्या लांबच्या मोठ्या तज्ज्ञापर्यंत पोचणारी माणसं तशीच असणार. शेतमजुराचं मूल तिथे पोचलंच नाही, म्हणून ते मोजलंही गेलं नाही. दवाखान्यात येणाऱ्यांवरून सगळ्या समाजाचा अंदाज बांधला की अशी गफलत होते.

'थंड आई'चा काळ

१९४९ मध्ये कॅनर यांनी या पालकांबद्दल लिहिताना फ्रिजची उपमा वापरली. जणू मुलं थंडगार फ्रिजमध्ये वाढली आणि त्यांना ऊब कधी मिळालीच नाही. यातून 'रेफ्रिजरेटर मदर' हा शब्द रूढ झाला. शिकागोच्या ब्रुनो बेटेलहाइम यांनी त्याचा सिद्धांतच केला. आपलं जगणं आईला नको आहे असं मुलाला जाणवतं आणि म्हणून ते आत मिटून जातं, असं ते सांगत. १९६७ साली त्यांचं पुस्तक आलं आणि खूप वाचलं गेलं. उपाय काय, तर मूल आईवडिलांपासून दूर ठेवणं.

त्या काळातल्या आईची अवस्था डोळ्यांसमोर आणा. मूल कुशीत येत नाही, रात्र रात्र झोपत नाही, जीव तोडून त्याच्यामागे धावायचं, आणि डॉक्टरांकडे गेलं की ऐकायचं, तुम्हीच त्याला असं केलंत. काही ठिकाणी तर मुलाऐवजी आईचेच मानसोपचार सुरू होत. पुरावा काय होता? डॉक्टरांसमोर बसलेली आई थकलेली, अबोल दिसते, हा! परिणामालाच कारण समजण्याची ही चूक होती.

हा आरोप पहिल्यांदा खोडून काढला तो एका बापाने. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकन नौदलात काम करणारे मानसशास्त्रज्ञ होते आणि त्यांच्या मुलाला ऑटिझम होता. उपलब्ध सगळं संशोधन त्यांनी वाचून काढलं आणि १९६४ मध्ये पुस्तक लिहून दाखवलं की आईच्या वागण्याचा सिद्धांत पुराव्याला टिकत नाही, मूळ शरीरात आहे. त्या पुस्तकाला प्रस्तावना खुद्द कॅनर यांनी लिहिली. १९६५ मध्ये अमेरिकेत पालकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिकडे लंडनमध्ये १९६२ सालीच पालकांनी संस्था काढली होती. तिच्या संस्थापकांत लॉर्ना विंग होत्या, मानसोपचारतज्ज्ञ आणि ऑटिझम असलेल्या मुलीची आई. ऑटिझम शिकलेल्या-श्रीमंत घरांपुरता नाही, तो सगळ्या थरांत आढळतो, हे आणि 'स्पेक्ट्रम'ची कल्पना आपल्याला त्यांच्या कामातून मिळाली.

१९६९ मध्ये अमेरिकेतल्या पालकांच्या संमेलनात कॅनर उभे राहिले आणि पालकांना त्यांनी जाहीरपणे दोषमुक्त केलं. १९७७ मध्ये सुझन फोलस्टाइन आणि मायकेल रटर यांनी २१ जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच बीजापासून झालेल्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही भावंडांना ऑटिझम होता. वेगळ्या बीजांच्या १० जोड्यांत अशी एकही जोडी नव्हती. आई एकच, घर एकच, संगोपन एकच. फरक होता तो जनुकांचा. आईवरचा खटला खरं तर तिथेच संपला.

तरी आरोप नवं रूप घेऊन आला. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरांनी १२ मुलांच्या आधारे गोवर-गालगुंड-रुबेला लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवला. लाखो पालक हादरले. आधी 'माया केली नाही' हा दोष होता, आता 'लस का दिली' हा दोष आला. पुढे डेन्मार्कमधल्या पाच लाखांहून जास्त मुलांच्या अभ्यासात असा संबंध आढळला नाही. वेकफिल्ड यांचा लेख २०१० मध्ये मासिकाने मागे घेतला आणि त्यांची डॉक्टरकीची नोंदणीही रद्द झाली. लशीमुळे ऑटिझम होत नाही. गोवराने मात्र मुलं दगावतात. म्हणून लस चुकवू नका.

आपल्या देशात, आपल्या राज्यात

भारतातली गोष्टही जुनी आहे. १९४४ मध्ये दार्जिलिंग इथे काम करणाऱ्या व्हिएन्नाच्या एका बालरोगतज्ज्ञाने मुलांमधल्या अपंगत्वाबद्दल भारतीय वैद्यकीय मासिकात लिहिलं होतं. त्याच वर्षी मुंबईत, आपल्या मुलीसाठी शाळा नाही म्हणून, वकील दांपत्याने शाळा सुरू केली. तीच आजची जय वकील शाळा. म्हणजे आपल्याकडेही सुरुवात एका घरातून झाली. पुढची अनेक वर्षं मात्र ऑटिझम असलेलं मूल एक तर 'मतिमंद' म्हणून ओळखलं गेलं, नाहीतर 'वेडं' म्हणून, नाहीतर 'मुकं' म्हणून.

१९९१ मध्ये दिल्लीत मेरी बारुआ या आईने 'ॲक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था सुरू केली. १९९५ साली देशात अपंग व्यक्तींसाठी पहिला मोठा कायदा झाला. त्यात सात प्रकार होते आणि ऑटिझम त्यात नव्हता. हक्क हवा असेल तर मुलाला मतिमंद म्हणून दाखला घ्यायचा, नाहीतर काहीच नाही, अशी पालकांची कोंडी झाली. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात ऑटिझम हा शब्द थेट कायद्याच्या नावातच आला. २००१ मध्ये मुंबईत डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी मुलांच्या विकासासाठी 'उम्मीद' हे केंद्र सुरू केलं. पण २०११ च्या जनगणनेच्या फॉर्मवरही ऑटिझमसाठी वेगळा रकाना नव्हता. घरी आलेल्या प्रगणकाने अशा मुलाची नोंद कुठे केली असेल? मतिमंद, वाचादोष किंवा 'इतर' यांतल्या एखाद्या रकान्यात.

६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात आपल्याच राज्यात, पालघरला झाली. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांची तपासणी करणारी पथकं त्यातून आली. त्यांच्या यादीत ऑटिझमही आहे. २०१६ मध्ये ऑटिझमचं प्रमाण टक्क्यांत ठरवण्यासाठी इसा ही ४० प्रश्नांची भारतीय मोजपट्टी दाखल्यासाठी लागू झाली. त्याच वर्षी दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आले आणि ऑटिझमला स्वतःच्या नावाने जागा मिळाली. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे.

या सगळ्यात संख्या किती? २०१८ मध्ये देशातल्या पाच ठिकाणच्या सुमारे चार हजार मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात उत्तर गोवाही होतं. दोन ते नऊ वर्षांच्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण साधारण शंभरात एक असं आढळलं. म्हणजे हजार मुलं असलेल्या गावात दहा मुलं. 'आमच्या गावात असलं काही नाही' असं म्हणणाऱ्यांनी एकदा अंगणवाडीताईंना विचारून पाहावं.

वाशिममधलं घर

आपला जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा असे सहा तालुके आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे ११ लाख ९७ हजार लोक. कापूस, तूर, सोयाबीनवर चालणारी घरं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले चार जिल्हे घेतले, त्यात वाशिम आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं ते २०२४ साली. तोपर्यंत कुठलीही मोठी तपासणी म्हटली की अकोला नाहीतर नागपूर.

अशा ठिकाणी ऑटिझमचं मूल वाढवणं म्हणजे काय, ते थेरपीच्या पुस्तकात सापडत नाही. स्पीच थेरपी आठवड्यातून दोनदा घ्या असं तज्ज्ञ सांगतात आणि ते बरोबरच आहे. मानोऱ्याकडच्या एखाद्या तांड्यावरून अकोल्याला जायचं म्हणजे पूर्ण दिवस गेला, दोघांचं तिकीट गेलं आणि एकाची मजुरीही बुडाली. काही घरं मग दोन ठिकाणी विभागतात. आई मुलाला घेऊन अकोल्यात खोली करून राहते आणि बाप गावात शेती पाहतो. दुसऱ्या लेकराकडे आजी बघते. थेरपीने मूल पुढे सरकतं, पण त्या दोन चुलींचा हिशोब कुणी मांडत नाही.

आणि आरोप? तो इथे वेगळ्या भाषेत येतो. "याचा बाप बी चार वर्षानं बोलला होता, बोलन हा बी," असं म्हणत आजी दोन वर्षं घालवते. दोन वर्षांनी तोच आवाज सुनेकडे वळतो. तिच्या माहेरी कुणी असं होतं का, तिने ग्रहण पाळलं होतं का, तिने मोबाइल का दिला. नवस होतात, धागे बांधले जातात. श्रद्धेबद्दल माझं काही म्हणणं नाही. देवाच्या दारी मन हलकं होत असेल तर जरूर जावं. पण तपासणी थांबवू नये आणि कुणी देवाच्या नावाने आईला दोषी ठरवू नये. मोबाइलबद्दल एवढंच सांगतो. लहान मुलाला तो जास्त देऊ नये, बोलण्याची आणि खेळण्याची संधी हिरावली जाते. पण मोबाइलने ऑटिझम होतो असं सिद्ध झालेलं नाही. सुखारेवांची मुलं १९२५ सालची होती. तेव्हा कुठला मोबाइल?

शिकागोच्या प्राध्यापकाने इंग्रजीत जे म्हटलं तेच ओट्यावर बसून वऱ्हाडीत म्हटलं जातं. त्याने होणारं नुकसानही तेच आहे. दोषी ठरलेली आई मुलाला लपवते. लग्नाला नेत नाही, पोहरादेवीच्या यात्रेला नेत नाही, हळूहळू स्वतःही जात नाही. निदान उशिरा होतं, दाखला उशिरा निघतो आणि घराचं जग चार भिंतींएवढं उरतं.

कुटुंबाचं जीवनमान कशावर ठरतं?

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातल्या संशोधकांनी दिव्यांग मूल असलेल्या कुटुंबाचं जीवनमान मोजण्यासाठी २५ प्रश्नांची पट्टी तयार केली. त्यात पाच गोष्टी पाहतात. घरातल्या माणसांचं आपसात कसं जमतं, मुलांच्या संगोपनाला वेळ आणि हात मिळतात का, घरातल्यांच्या मनाचं आरोग्य कसं आहे, पैसा-पाणी-औषधोपचार-प्रवास यांची सोय आहे का, आणि मुलाच्या अडचणीसाठी बाहेरून मदत मिळते का. लक्षात घ्या, मूल किती शब्द बोलतं हा प्रश्न यात नाही. मुलाची अडचण तीव्र असेल तर भार वाढतोच, ते कुणी नाकारत नाही. पण मदतीचे हात असलेलं घर आणि नसलेलं घर यांत फार मोठं अंतर पडतं.

डोनाल्डचीच गोष्ट पुढे सांगतो. तो नऊ-दहा वर्षांचा असताना आईवडिलांनी त्याला जवळच्या एका शेतकरी जोडप्याकडे राहायला ठेवलं. कॅनर १९४५ मध्ये तिथे गेले आणि चकित झाले. मुलाला मोजण्याचं वेड होतं, म्हणून त्या शेतकऱ्याने त्याला विहिरीची खोली मोजायला लावली. तो मक्याच्या ओळी सारख्या मोजत बसे, म्हणून नांगर धरून ओळी मोजायला सांगितल्या. त्याच्या सवयीशी भांडण्याऐवजी त्यांनी तिला कामाला लावलं. पुढे डोनाल्ड पदवीधर झाला, बँकेत नोकरी केली, गाडी चालवायला शिकला, एकट्याने देशोदेशी फिरला. २०१० च्या सुमारास पत्रकार त्याला भेटायला गेले तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना बजावलं, त्याला त्रास झाला तर गाठ आमच्याशी आहे. २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी तो गेला. ती बँक त्याच्याच घराण्याची होती, पैशाचं बळ होतं, हे विसरून चालणार नाही. प्रत्येक मूल एवढं पुढे जाईल असंही नाही. पण ते शेतकरी जोडपं आणि ते गाव पैशाने विकत घेतलेलं नव्हतं.

आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं आहे. 'संगाथ' या संस्थेच्या पुढाकाराने गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी इथे ६५ मुलांवर एक अभ्यास झाला. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात थेरपिस्टऐवजी प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते पालकांबरोबर बसले. पालक मुलाशी खेळतानाचा व्हिडिओ काढायचा, तो दोघांनी मिळून बघायचा आणि मूल कुठे प्रतिसाद देतंय ते आईला दाखवून द्यायचं. त्यातून आईचं मुलाशी जुळवून घेणं सुधारलं आणि मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. अभ्यास लहान आहे, बोलणं लगेच वाढलं असंही नाही. पण तज्ज्ञ कमी असलेल्या जिल्ह्यांसाठी हा रस्ता आहे. आणि यात आईकडे दोषी म्हणून नव्हे, मुलाची सगळ्यात चांगली जाणकार म्हणून पाहिलं जातं.

आता काय करावं?

१. वाट पाहू नका. मूल वर्षाचं होऊनही नावाला प्रतिसाद देत नसेल, दीड वर्षाचं होऊनही बोटाने दाखवत नसेल, किंवा येत असलेले शब्द गेले असतील तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. कान जरूर तपासून घ्या. अंगणवाडीत पथक आलं की शंका स्पष्ट बोला. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी, म्हणजे लहान मुलांच्या शीघ्र निदान व उपचार केंद्राची चौकशी करा.

२. दाखला काढा. दाखल्याने मुलावर शिक्का बसतो ही भीती सोडा. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षकांबद्दल विचारा. नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' विमा योजनेत एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे.

३. मूल १८ वर्षांचं झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. हे फार थोड्यांना माहीत असतं.

४. 'बरं करून देतो' म्हणणाऱ्यांपासून सावध राहा. ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यासाठी शेत गहाण टाकू नका. फिट्स, झोप, खूप चिडचिड यांवर औषधं आहेत, ती तज्ज्ञांकडून घ्या. मूळ काम शिकवण्याचं आहे, आणि ते रोज थोडं थोडं घरातच होतं.

५. आईने आणि वडिलांनी स्वतःची तपासणी वर्षातून एकदा करून घ्यावी. बीपी, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड. झोप उडाली असेल, सारखं रडू येत असेल, जगणं नको वाटत असेल तर डॉक्टरांना सांगा. त्यावर उपचार आहेत. वडील दवाखान्यात फारसे बोलत नाहीत, पण त्यांचं वाढलेलं बीपी आणि वाढलेली तंबाखू बरंच काही सांगते.

शेवटचं सांगणं घराबाहेरच्यांसाठी. या इतिहासात शाळा, संस्था, कायदे आले ते बहुतेक पालकांनी दारोदार फिरून आणले. हे काम एकट्याने करताना ती माणसं फार थकली. तुमच्या गल्लीत, तुमच्या भावकीत असं मूल असेल तर सल्ला देऊ नका, कारणं शोधू नका. आठवड्यातून दोन तास त्या मुलाजवळ बसा आणि त्याच्या आईला झोपू द्या. माझ्या हातातल्या कुठल्याही गोळीपेक्षा तिला त्याचा जास्त उपयोग होईल.